आमची वाटचाल : आधी बॉनेट, मग स्टिअरिंग

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज सुरू केले, तेव्हा आजूबाजूला लेथची दुकाने, फौंड्रीसाठी पॅटर्न करणारे कारागीर आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने होते. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत फियाट, अँबॅसिडर आणि महिंद्राच्या जीप यांचीच संख्या अधिक असे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० आमच्या भागात हळूहळू दिसू लागली होती. तोवर मोटार बाळगणारा माणूस बहुधा ड्रायव्हर ठेवीत असे आणि तो ड्रायव्हर सकाळी गाडी पुसण्याआधी बॉनेट उघडून रेडिएटरमधील पाणी, इंजिन ऑइल आणि बॅटरीचे पाणी पाहून घेई. मारुतीमुळे मोटार मध्यमवर्गीय घरांत आली आणि मालक स्वतः चालवू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बॉनेट उघडण्याची रोजची सवय मात्र ड्रायव्हरबरोबरच गेली. आमच्या व्यवसायाची पुढची दिशा या एका बदलातून ठरली.

गॅरेजात येणारी मोठी कामे, म्हणजे सीझ झालेले इंजिन, बेंड झालेले हेड किंवा जळालेले गॅस्केट, ही बरीचशी ऑइल वा पाणी कमी झाल्याने उद्भवलेली असत. काम मोठे असले की गॅरेजवाल्याची मिळकतही मोठी होते. तरीही गाडी ताब्यात देताना वडील मालकाला बॉनेटपाशी बोलावून घेत, डिपस्टिक, म्हणजे इंजिनातील ऑइल मोजण्याची पट्टी, त्याच्या हाती देत आणि ऑइलची पातळी त्यालाच वाचायला लावत. काहींना हा आग्रह रुचत नसे. परंतु जे शिकले, ते वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला आमच्याकडेच येत राहिले आणि त्या नियमित कामावरच गॅरेज स्थिरावले.

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून मी काही वर्षे वडिलांच्या हाताखाली काम केले आणि नंतर ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना घेण्याचे ठरवले. त्या निमित्ताने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ बारकाईने वाचावे लागले. शिकवणाऱ्याने मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेले असावे, खासगी हलक्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष वाहन चालवणे किमान १० तासांचे असावे, असे त्यांत म्हटले आहे. अभ्यासक्रमात वाहनाची यंत्रणा व दुरुस्ती हा स्वतंत्र भागही दिलेला आहे. म्हणजे वडील जे आग्रहाने सांगत होते, ते नियमांतच लिहून ठेवलेले होते. व्यवहारात मात्र रोज अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणि लायसन्सच्या चाचणीपुरता सराव करून घेऊन शिकवणी आटोपण्याची रीत पडली होती. आम्ही सुरुवातीचे एक-दोन दिवस गाडी जागची हलवायचीच नाही, असा नियम केला. "दादा, आम्ही गाडी शिकायला आलोय, मेकॅनिक व्हायला न्हवं," असे म्हणून काहीजण परत गेले, आणि नव्या व्यवसायात ते झेपण्याजोगे नव्हते. तरी नियम बदलला नाही.

या पहिल्या पाठात गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबायला सांगतो, कारण तेवढ्या वेळात वर चढलेले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. मग डिपस्टिक ओढून स्वच्छ कापडाने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा बाहेर काढून पातळी पाहायची. पहिल्याच वेळी दिसलेली पातळी खरी धरायची नाही. ऑइलची रेघ खालच्या आणि वरच्या खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणेही इंजिनाला घातकच असते, हे अनेकांना नव्याने कळते. वापरलेले ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु ते दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून इंजिन सुरू करू नये. डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा पातळी नव्हे, तर ऑइलचा दाब गेल्याची सूचना देतो, हेही त्याच वेळी सांगतो. तो चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाण्याचाही विचार न करता गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, याबाबत आमचा नियम सर्वांत कडक आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडायचे नाही. दाबाखाली असल्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन हातातोंडावर येते. मे महिन्यात जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढाला गाडी हीट झाली, तर एसी बंद करून बाजूला थांबावे, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच टाकीतील पातळी पाहावी. बोअरचे पाणी घालणे टाळावे, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे ठरलेले मिश्रणच वापरावे.

कोल्हापूरहून कोकणात उतरायचे म्हटले की करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट लागतोच, आणि म्हणून ब्रेक ऑइलचा धडा आम्ही सर्वांत सविस्तर घेतो. आमचे एक ग्राहक कुटुंबासह गगनबावड्यावरून करूळ घाट उतरत होते. वरच्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून ते निम्मा घाट उतरले आणि ब्रेकचे पेडल मऊ पडत पडत खालपर्यंत जाऊ लागले. त्यांनी गिअर खाली घेत आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कशीबशी कडेला थांबवली. अर्ध्या-पाऊण तासाने पेडल पुन्हा नेहमीसारखे झाले, त्यामुळे ते अधिकच गोंधळले. गाडी गॅरेजात आली तेव्हा ब्रेक ऑइल गर्द तपकिरी झालेले होते आणि कित्येक वर्षांत बदललेले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तापलेल्या ब्रेकमुळे ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. म्हणून पातळी योग्य असली तरी साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे, आणि पातळी सारखी खाली जात असेल तर नुसती भर न घालता ब्रेक पॅड झिजले आहेत की कुठे गळती आहे, हे पाहून घ्यावे.

घाट उतरण्याचा सराव आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्यावर घेतो. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, गाडी न्यूट्रल करायची नाही, इंजिन बंद करायचे नाही, आणि अरुंद जागी वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, एवढे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही विद्यार्थ्याला घाटात एकट्याने जाऊ नका असेच सांगतो. मागे बसलेल्यांनीही सीटबेल्ट लावल्याखेरीज आमची शिकवणीची गाडी हलत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आमच्या कामात आणखी एका विषयाची भर घातली. पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्या रांगेने गॅरेजात येऊ लागल्या. त्यांतील ज्या मालकांनी पाणी उतरताच किल्ली फिरवून पाहिली होती, त्यांचे नुकसान सर्वाधिक होते, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी हात न लावता गाडी ओढून आणली, त्यांची बरीच इंजिने सर्व ऑइले बदलून आणि साफसफाई करून वाचली. तेव्हापासून पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवतो : गाडी उंच जागी हलवा, बुडालीच तर सुरू करू नका, बॅटरीची वायर सोडवा आणि टो करून आणा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा या निरोपाचा उपयोग झाला.

ऊसतोडीच्या हंगामात रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात, म्हणून वायपरचे पाणी आणि स्वच्छ काच यांनाही आम्ही ब्रेकइतकेच महत्त्व देतो.

आता गॅरेज धाकटे बंधू पाहतात आणि स्कूल मी व माझी पत्नी मिळून चालवतो. महिलांची बॅच पत्नीकडे असते आणि तिथे बॉनेटचा पाठ अधिक वेळ चालतो, कारण प्रश्न अधिक विचारले जातात. अलीकडे अनेकजण इलेक्ट्रिक गाडी घेऊन शिकायला येतात आणि यात तपासण्यासारखे काही नसते ना, असे विचारतात. तिला इंजिन ऑइल नसते हे खरे. पण ब्रेक ऑइल, वायपरचे पाणी, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि अनेक गाड्यांत मोठी बॅटरी थंड ठेवणारे कूलंट असतेच. नारिंगी आवरणाच्या, उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या केबलला मात्र हात लावायचा नाही. या गाड्यांसाठी वेगळा पाठ आम्ही यंदापासून सुरू केला आहे, आणि तोही गाडी उभी ठेवूनच होतो.