तीस टक्के

आमच्याकडे बुधवार म्हणजे दिव्यांग बोर्डाचा दिवस. पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. औषधगोळ्यांपलीकडचं जे काही पेशंटच्या मागे लागलेलं असतं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, घरी न्यायला कुणी आलंच नाही तर काय, ते सगळं माझ्या टेबलावर येतं. बुधवारी मात्र एकच विषय असतो, अपंगत्वाचे टक्के. बोर्डाच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला बाकावरची माणसं "किती बसले?" म्हणून विचारतात. 40 बसले की सुटलो. संजय गांधी निराधार योजना, एसटीची सवलत, सगळ्याचं दार 40 ला उघडतं. त्याच्या खाली दाखला मिळतो, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्डही मिळतं, पण पांढऱ्या पट्ट्याचं. पिवळा पट्टा 40 पासून, निळा 80 पासून. रांगेतल्या निरक्षर बायांनाही हे रंग पाठ असतात.

2022 चा नोव्हेंबर होता. अकराच्या सुमाराला एक आजी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, हातात टोकनची चिठ्ठी. "ताई, माझा थोरला जिन्यात बसलाय. त्याला वर येववंना. धाकट्याचा नंबर तर आता येईल. मी कुणाकडं थांबू?"

लिफ्ट त्या दिवशी बंद होती. मी जिन्यात गेले. तिसऱ्या पायरीवर पन्नाशीचा एक माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून बसला होता. फुंकर मारावी तसे ओठ आवळून श्वास सोडत होता. अशी बसण्याची रीत मला घरातूनच ओळखीची आहे. ऑक्सिमीटर लावला तर 81. कोविडनंतर हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याने स्वतःच वाकून बघितलं आणि बोट खिशात घालावं तसं झटकन मिटून घेतलं.

दाखला त्याला नकोच होता. तो भावाला घेऊन आला होता. घर जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर, अगदी वरच्या अंगाला. धाकट्याला एका पायाने पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून थोरल्याने खांदा दिला होता. खाली रस्त्यावर रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास लागला, आजी सांगत होत्या. चार पायऱ्या उतरायच्या की थोरला थांबायचा दमासाठी. मग चार पायऱ्यांनी धाकटा थांबायचा, पाय ठणकतो म्हणून.

धाकटा 38 वर्षांचा, भाड्याची रिक्षा चालवायचा. आधी चालताना पोटरी भरून यायची, मग रात्री पाय लोंबता ठेवल्याशिवाय झोप लागेना, मग उजवा अंगठा काळा पडला. बर्जर्स डिसीज. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून आतून गुठळ्यांनी बंद होतात. होतो तो बहुतेक तरुण पुरुषांना, आणि तेही विडी-सिगारेट-तंबाखूवाल्यांना. यावर खात्रीचा इलाज एकच, तंबाखू पूर्ण तोडायची. कमी केली, दिवसाला दोनच ओढतो, हे चालत नाही. विडी सुटावी म्हणून इतरांना देतात तो निकोटिनचा च्युइंगगमही या पेशंटला देत नाहीत. पहिला अंगठा गेला तेव्हा डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. त्याने सहा महिने सोडली, पुन्हा धरली. या खेपेला पुढचा अर्धा चवडाच काढावा लागला.

बोर्डाने 30 टक्के दिले. यात डॉक्टरांची काही चूक नाही, तक्ताच तसा आहे. अंगठा गेला तर 10, पाचही बोटं गेली तर 20, चवड्यापर्यंत 30, पावलाच्या मध्यापर्यंत 40. पण रिक्षाचा ब्रेक उजव्या पायात असतो. तक्त्यात 30 टक्के गेलेल्या माणसाचा धंदा शंभर टक्के गेला होता.

तो कुबडी टेकत माझ्यासमोर आला, बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मॅडम, अजून चार बोटं वर कापला, तर 40 होत्यात ना?"

मला उत्तर माहीत होतं. पंधरा वर्षं तो तक्ता बघतेय मी. तो चेष्टा करत नव्हता, रागात तर मुळीच नव्हता. भाजीचा हिशेब करावा तसा तो पायाचा हिशेब करत होता. आणि विडी चालू ठेवली तर तो पाऊल तिथवर नेऊन पोचवणार, हे त्यालाही कळत होतं. मी "असं बोलायचं नाही" एवढंच म्हणाले. नोकरीत फार वेळा इतकं निरुपयोगी वाक्य बोलले नसेन.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर न करता म्हटलं, "हातानं ओढवून घेतलेलं दुखणं आहे, मॅडम. पैसा सरकारचा, आणि धूर यांचा." वाईट माणूस नाही तो. बाहेर बाकावरही निम्मी माणसं हेच म्हणतील. पण कायदा असं विचारत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की पाय कसा गेला ते सांगा. दारू पिऊन गाडी ठोकली तरी पाय मोजला जातो, आणि तसाच मोजला पाहिजे. हे मी त्याला त्या दिवशी तिथल्या तिथे बोलले, जरा मोठ्यानेच.

एवढ्या मोठ्याने का बोलले, तेही सांगते. माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. रोज दीड पाकीट. पुढे सीओपीडी झाला, फुप्फुसांचा दम कोंडणारा आजार. मी तेव्हा नुकतीच कर्वे समाजसेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू करून बाहेर पडले होते, व्यसनमुक्तीवर पोस्टर करत होते, आणि घरी वडिलांच्या शर्टाचा वास घेत होते. पाण्याच्या मीटरच्या डबीत लपवलेली काडेपेटी सापडली तेव्हा मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. शेवटची दोन वर्षं ते रात्री उशांना टेकून बसून झोपायचे, आणि मी पाणी द्यायला गेले की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आज रागावलेय का. आमच्याकडे त्यांची पेन्शन होती, कारखान्याचा दवाखाना होता. रागवायची चैन मला परवडत होती. त्या आजींना ती कुठून परवडणार?

जिन्यातला थोरला मधल्या वेळात कसाबसा वर आला होता. बोलताना तीन शब्दांवर एक श्वास. "मॅडम, माझं पण... बघता का. दम्याला... किती बसत्यात?"

तो मार्केट यार्डात कांदा-बटाटा उतरवायचा. कार्ड नाही, हमालांच्या माथाडी बोर्डात नोंद नाही, पोत्यामागे पैसे. पहाटे चारला थंडीत विडी, मग पोती. आता दोन वर्षं घरी. भांडं भरून उचललं तरी खाली बसतो. आणि त्याला मी सांगितलं की तुम्हाला काही बसत नाहीत. कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. पूर्वी 7 होते, ते वाढवले ही फार मोठी गोष्ट झाली. डोळे, कान, हातपाय, वाचा, बुद्धी, मन आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे, ॲसिडहल्ला आहे. श्वास नाही. फुप्फुसाला टक्के नाहीत. संजय गांधी योजनेत अपंगांखेरीज काही आजारही घेतलेत, क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग. त्यातही सीओपीडी नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाय दिसतो... दम दिसत न्हाई." वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

या सगळ्या वेळात आजींचे हात चालू होते. माझं लक्ष उशिरा गेलं. टोकनची चिठ्ठी त्यांनी मांडीवर सरळ केली होती, एक कोपरा दुमडला, अंगठ्याने दाबत तिरकी वळत नेली. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड. मग अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाने जाड टोकाची तोंडं आत मोडली. मोजून चार सेकंद. पुन्हा उलगडली, पुन्हा वळली. उजव्या तर्जनीवर दोऱ्याने पडलेली पांढरी घळ होती.

"आजी, विड्या वळत होता का?"

"चाळीस वर्सं. दिसाला हजार. ह्यो ल्हान असताना पानं भिजवायचा, त्यो मोठा दोरा गुंडाळायचा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझ्याच सुपातली उचलली दोघांनी पयली. म्या बघितलं व्हतं. वाटलं, पोरं मोठी झाली."

मी त्यांना काय सांगणार होते? ठेकेदाराने त्यांचं विडी कामगाराचं ओळखपत्र कधी काढलंच नाही. त्यामुळे कामगार कल्याण निधी, फंड, काही म्हणजे काही नाही. त्यांनी ते कधी मागितलंही नव्हतं. वय विचारलं तर 68. नवरा वारलेला. रेशनकार्ड? पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काढून दाखवलं. पिवळं, एकट्या त्यांच्या नावाचं.

मी ते कार्ड हातात घेऊन थोडा वेळ नुसती बघत राहिले. दोन मुलांसाठी आलेल्या त्या बाईलाच मिळू शकत होतं, आणि तेही 3 वर्षांपासून. 65 पूर्ण, उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत, श्रावणबाळ योजना. कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी स्वतःसाठी कधी कुणाला काही विचारलंच नव्हतं. तेव्हा महिन्याला 1000 होते, 2023 मध्ये 1500 झाले. अर्ज मी तिथेच भरला. अंगठा लावताना आजींनी विचारलं, "ह्यातलं थोरल्याच्या नावावर न्हाई का करता येत?"

थोरल्याचं काम दुसऱ्या वाटेने झालं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर पेठांतल्या काही मंडळांकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून होते. एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दहा दिवसांत एक यंत्र डोक्यावर घेऊन उतार चढून पोचवलं. अट एकच, खोलीत विस्तव नाही. दहा बाय दहाच्या खोलीत ही अट पाळायची म्हणजे काय, ते मी तिथे जाऊन बघितलं. शेगडी दाराबाहेर आली, देवापुढचा दिवा शेजारणीच्या देवघरात गेला. आणि धाकट्याला विडीसाठी कुबडी घेऊन वीस-पंचवीस पायऱ्या वरच्या नळकोंडाळ्यापर्यंत जावं लागायला लागलं. जखम ठणकायची. पहिल्या महिन्यात दिवसातून चारदा जायचा, मग दोनदा. मार्चमध्ये ड्रेसिंगला आला तेव्हा म्हणाला, महिना झाला, गेलो नाही. जखमेला कोवळी गुलाबी कातडी धरत होती. माझी सतरा भाषणं जिथे पोचली नसती, तिथे त्या पायऱ्या पोचल्या. तो आता एका पार्किंगला पावत्या फाडतो.

2024 च्या जानेवारीत आजी पुन्हा आल्या, बुधवारीच. श्रावणबाळच्या हयातीच्या दाखल्याचं विचारायचं होतं. धाकट्याचं पांढऱ्या पट्ट्याचं कार्ड त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं आणि म्हणाल्या, "ताई, पुन्हा तपासायला बोलावू नका त्याला. तीसच राहू देत."

मग थोरल्याचं सांगितलं. मकरसंक्रांतीच्या आदल्या रात्री गेला. झोपेत नाही, बसल्या बसल्या.

"यंत्र खाली रिक्षात हाये. द्यायचं हाये परत. कुणाला तरी लागत आसंल." मी मंडळाला फोन लावला, शिपायाला खाली पाठवलं. यंत्र वर आलं, पुसून लखलखीत. नाकातली नळी त्यांनी साबणाने धुऊन वाळवली होती, गोल गोल घट्ट गुंडाळली होती आणि लाल दोऱ्याचे तीन वेढे देऊन बांधली होती.