450 च्या हेलीसाठी घरी केलेला जायरो: माझा अनुभव

रिमोटवर उडणाऱ्या 450 आकाराच्या हेलिकॉप्टरचं नाक भरकटू न देणारं उपकरण म्हणजे जायरो; तो मी घरीच केला. सोल्डरिंग एका संध्याकाळी झालं, कोड त्याच आठवड्यात चालला. त्यानंतर सहा आठवडे शेपटी एका जागी थांबेना. लिहायचंय ते त्या सहा आठवड्यांबद्दल. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘फिल्टर वाढव’, म्हणजे वाचनातली थरथर आणखी गाळ, आणि माझ्या बाबतीत नेमका फिल्टरच खरं कारण झाकून बसला होता.

सामान पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं: वळण्याचा वेग मोजणाऱ्या एमपीयू-6050 चिपचं जीवाय-521 मॉड्यूल आणि कोड चालवायला 3.3 व्होल्टचा अर्डुइनो प्रो मिनी हा छोटा बोर्ड. रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर आणि शेपटीच्या पंख्याची पाती वळवणारा टेल सर्व्हो, यांच्या मध्ये हे बसतं. नाक वळण्याच्या वेगाला नुसता विरोध केला की झाला रेट मोड. त्या वेगाची बेरीज करत नाक किती अंश भरकटलं ते लक्षात ठेवलं की हेडिंग होल्ड. मला हेडिंग होल्डच हवा होता, आणि बेरीज आली की बारीकसारीक चूकही साठत जाते.

टेबलावर सगळं उत्तम. मैदानावर मोटर वेग घेऊ लागली की नाक सावकाश डावीकडे निघायचं. हेड स्पीड, म्हणजे मुख्य पात्यांचा वेग, वाढला की आणखी जोरात. कंपनाचा त्रास आहे हे उघड होतं, म्हणून मीही फिल्टर वाढवला. चिपमध्येच लो-पास फिल्टर असतो, तो जलद थरथर गाळतो; आकडा जितका कमी तितकं गाळणं जास्त. तो थेट 5 हर्ट्झवर नेला. सरकणं तसंच राहिलं, वर शेपटी सतत डावी-उजवी हलू लागली. 5 हर्ट्झवर हा फिल्टर सुमारे 19 मिलिसेकंद उशीर करतो, आणि अर्डुइनोची नेहमीची सर्व्हो लायब्ररी 20 मिलिसेकंदांतून एकदाच पल्स, म्हणजे सर्व्होला आज्ञा, देते. दुरुस्ती पोचेपर्यंत शेपटी दुसऱ्या बाजूला गेलेली असायची. गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, उतरवला की हलणं थांबायचं, पण मग जरा वारा आला की नाक वळून जायचं. मॉड्यूलखाली फोम जाड लावला, पातळ लावला, मॉड्यूल मागून पुढे आणलं. तीन रविवार असेच गेले. दर वेळी चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि तोच राग घेऊन घरी.

मग वैतागून फिल्टर पूर्ण उघडला, 256 हर्ट्झ. मुख्य पाती काढून हेली पाटाला बांधली, मोटर चालू केली आणि प्रत्येक सेकंदातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान वाचन छापलं. पडद्यावर 32767. पुन्हा 32767. अधिक-उणे धरून सोळा बिटांत याच्या वर आकडाच नाही! चिपची मोजण्याची रेंज मी ठेवली होती सेकंदाला 250 अंश, कारण तिथे सर्वांत बारीक मोजता येतं. शेपटीचा पंखा मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला 200 हादरे, आणि त्यांची शिखरं त्या रेंजच्या बाहेर जात होती. एका बाजूचं शिखर जास्त कापलं गेलं की सरासरी शून्यावरून ढळते, आणि हेडिंग होल्ड ती ढळ इमानदारीने साठवत जातो. फिल्टर लागतो तो कापाकापी झाल्यानंतर. तो कापलेल्या लहरी गुळगुळीत करून देतो, म्हणून इतके दिवस आकडे शहाण्यासारखे दिसत होते.

रेंज 2000 केली, फिल्टर 98 हर्ट्झवर ठेवला. रेंज बदलली की वाचन अंशांत आणणारा कोडमधला भागाकारही बदला: 131 च्या जागी 16.4. नाहीतर जायरो आठपट मंद होतो आणि तुम्ही पुन्हा फोम बदलत बसाल. टेलची पाती तोलली, हलक्या पात्याला सेलोटेपचा बारीक तुकडा पुरला. सर्व्होसाठी टायमरवर स्वतः पल्स काढली, 333 हर्ट्झ. हे फक्त डिजिटल सर्व्होवर करा, ॲनालॉग सर्व्हो गरम होऊन जळतो.

त्या रविवारी हेली छातीइतक्या उंचीवर उभी राहिली आणि मी रडरची, म्हणजे नाक वळवायची, काठी सोडून दिली. नाक जागचं हललं नाही. मैदानावरच्या काकांनी लांबून अंगठा दाखवला. विकतचा जायरो लावून हजार वेळा हॉवर केलं असेल, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

राहिलंच: पहिल्या उड्डाणाआधी मोटरची वायर काढून, हेली हातात धरून नाक झटकन डावीकडे वळवा. सर्व्हो उजव्या रडरच्या दिशेला हलला पाहिजे. दिशा उलटी राहिली तर जमिनीवरून उठताच हेली भोवऱ्यासारखी फिरते, आणि सावरायला वेळच मिळत नाही. प्रो मिनीला वीज देणाऱ्या तारांवर एक मोठा कपॅसिटर हवाच. मुख्य पाती कलवणारे तिन्ही सायक्लिक सर्व्हो एकदम ओढले की व्होल्टेज पडतं.

आणि थंडीत पहाटे गेलात तर बॅटरी जोडून हेली तीन-चार मिनिटं गवतावर तशीच राहू द्या, मग रीसेट दाबून शून्य, म्हणजे हेली स्थिर असतानाचं वाचन, नव्याने घ्यायला लावा. चिप गरम होत जाते तसं तिचं शून्य सरकतं. डिसेंबरात मी घाई केली होती, तेव्हा नाक पुन्हा डावीकडे निघालं होतं.