तुम्ही विचारलंत म्हणून: घरात इतकी साठवण कशासाठी?

धुळ्यातल्या आमच्या घरी पहिल्यांदाच आलेला पाहुणा स्वयंपाकघरामागच्या खोलीत डोकावला, की चहा संपेपर्यंत तो प्रश्न येतोच. त्या खोलीत ज्वारीच्या आणि गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या आहेत, एरंडेल चोळून ठेवलेली तूर आहे, भिंतीला लागून दगडी जाते आहे आणि फळीवरच्या डब्यांत मीठ, साखर, क्लोरीनचे थेंब व आईच्या रक्तदाबाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत. बाहेर, रोजच्या टाकीखेरीज, हजार लिटरची आणखी एक टाकी आहे. माझा भाचा दर सुटीत विचारतो, शेजारच्या वहिनी विचारतात, कामावरचे सोबती विचारतात: कोपऱ्यावर दुकान आहे, फोन केला की माल दारात येतो, मग सहा-सहा महिन्यांचे धान्य भरून ठेवण्याची ही कसली काळजी? आजवर मी "आईची सवय आहे" एवढेच सांगून विषय संपवत आलो. ते अर्धेच उत्तर होते. उरलेले अर्धे हरारेमध्ये आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो.

मी पंपाच्या कामातला माणूस आहे. 2007 च्या मार्चमध्ये झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे, बोअरवेलवर मोटारी बसवणाऱ्या एका खासगी कंपनीत मी नोकरीला गेलो आणि 2009 च्या एप्रिलपर्यंत तिथे राहिलो. खानदेशातून गेलेल्या माणसाला भारनियमन नवे नव्हते, नळाची वाट पाहणेही नवे नव्हते, त्यामुळे तिथल्या परिस्थितीबद्दल जे कानावर आले होते त्याची मला फारशी धास्ती वाटली नव्हती. शिवाय हा काही मुळात दरिद्री म्हणून ओळखला जाणारा देश नव्हता. एके काळी तो शेजारच्या देशांना मका पुरवत असे आणि तिथल्या शाळांचे आफ्रिकेत कौतुक होत असे. 2000 पासून मोठ्या शेतजमिनी घाईने आणि बळाने ताब्यात घेतल्या गेल्या, उत्पादन घसरले, परकीय चलन आटले आणि सरकार खर्च भागवण्यासाठी नोटा छापत राहिले. मी पोहोचलो तेव्हा रस्ते रुंद होते, इमारती उभ्या होत्या, मुले गणवेशात शाळेला जात होती. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी एकेक पायरी उघडी टाकत खाली जाते आणि रोज पाणी भरणाऱ्यालाही ते चटकन जाणवत नाही, तसे त्या शहराचे चालले होते.

2007 च्या जूनअखेर सरकारने दुकानदारांना किमती जवळपास निम्म्यावर आणण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी दुकानांत झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीत मीही होतो. मी तेलाच्या बारा बाटल्या आणि दहा किलो साखर उचलून आणली. स्वस्तात मिळाले याचा मला आनंद झाला होता. आठवड्याभरात फळ्या रिकाम्या झाल्या, कारण तोट्यात विकलेला माल पुन्हा भरणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नव्हते. मी ज्यांच्या आवारातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो, त्या निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना अम्बुया, म्हणजे आजी, म्हणत आणि मीही तसेच म्हणू लागलो होतो. अम्बुया त्या दिवशी दुकानात गेल्या नव्हत्या, त्यांचे गुडघे दुखत होते. पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या घरात तेलाचा थेंब नव्हता आणि माझ्या खाटेखाली बारा बाटल्या होत्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. सहा बाटल्या मी त्यांना नेऊन दिल्या, पण टंचाईच्या दिवशी भरलेल्या माझ्या प्रत्येक बाटलीमागे कुणाची तरी बाटली कमी झाली होती, हे मला तेव्हा कळले ते आजतागायत विसरलेलो नाही.

पैशाचे जे झाले त्याचे आकडे सांगूनही खरे वाटत नाहीत. 2008 च्या जुलैमध्ये महागाईचा अधिकृत दर 23.1 कोटी टक्के होता. ऑगस्टमध्ये चलनावरून दहा शून्ये काढून टाकण्यात आली, तरी पुढच्या जानेवारीत शंभर ट्रिलियनची नोट निघाली, म्हणजे आपल्या मोजणीत एक कोटी कोटी झिम्बाब्वे डॉलर. बँकेतून एका दिवसात किती रक्कम काढता येईल याला मर्यादा होती, आणि तेवढ्या रकमेत अम्बुयांचे बँकेपर्यंतचे बसभाडेही निघत नसे. तीस वर्षे शिकवून जमवलेले त्यांचे निवृत्तिवेतन खात्यावर होते, आकड्यांत ते वाढतही होते, आणि त्याची किंमत एका पावाचीही उरली नव्हती. 2015 मध्ये ते जुने चलन मोडीत काढताना बहुतेक खात्यांना सरसकट पाच अमेरिकी डॉलर दिले गेले, हे मी इथे धुळ्यात बसून वाचले, तेव्हा मला त्यांच्या कपाटातले ते जपून ठेवलेले पासबुक आठवले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यानंतरची पायरी, आणि तिच्याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. शाळा आणि दवाखाने कुणी हुकूम काढून बंद केले नाहीत. शिक्षकांचा आणि परिचारिकांचा महिन्याचा पगार कामावर जाण्या-येण्याच्या बसभाड्यापेक्षा कमी झाला, म्हणून आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा असे करत ते येईनासे झाले. कुणी सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेले. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये राजधानीतली मोठी सरकारी रुग्णालये जवळजवळ ठप्प झाली. इमारती, खाटा, यंत्रे सगळे जागेवर होते. खेड्यांत माणसे हाचा नावाच्या रानफळांवर दिवस काढत होती. ज्यांच्याकडे मका होता त्यांच्याकडेही तो दळायला वीज नव्हती, त्यामुळे सादझासाठी, म्हणजे आपल्या घाट्यासारख्या त्यांच्या रोजच्या जेवणासाठी, बायका पुन्हा उखळात मका कांडू लागल्या. ज्यांच्या घरातून उखळ गेले होते त्या शेजारणीकडे रांग लावत.

पाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण ते माझे काम होते. हरारे शहर चिवेरो तलावाचे पाणी पिते, आणि तो तलाव शहराच्या उतारावर, खालच्या अंगाला आहे. म्हणजे शहराचे सांडपाणी वाहत त्याच दिशेला जाते. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आणि तलावाचे पाणी शुद्ध करणारे मॉर्टन जाफ्रे केंद्र ही दोन्ही नीट चालतात तोवर ही रचना चालते. वीज नाही, पंपांना सुटे भाग नाहीत, गढूळपणा खाली बसवणारी तुरटी आणि क्लोरीन विकत घ्यायला परकीय चलन नाही, असे झाले तेव्हा हीच रचना उलटली. बुडिरिरो आणि ग्लेन व्ह्यू या दाट वस्त्यांत फुटलेल्या गटारांचे पाणी घरांपुढून वाहत होते आणि नळ कोरडे असल्यामुळे लोक अंगणात हातभर खोल खड्डे खणून त्यातले पाणी पीत होते. 2008 च्या ऑगस्टमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला रसायनेच संपल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. पुढच्या जुलैपर्यंत 98,000 हून अधिक माणसे आजारी पडली आणि 4,000 हून अधिक दगावली. वेळेवर उपचार झाले तर पटकीने शंभरातला एकही माणूस सहसा जाऊ नये. तिथे शंभरातले चारांहून अधिक गेले.

बुडिरिरोत आम्ही एका बोअरवर मोटार बसवत होतो, तेव्हा पाण्यासाठी थांबलेल्या एका बाईच्या पाठीवर आजारी मूल होते. "पाणी उकळून प्या" असे सांगणारी पत्रके सगळीकडे वाटली गेली होती. तिच्याकडे वीज नव्हती आणि सरपण विकत घेण्याची ऐपत नव्हती. मी तिला जलसंजीवनीचे प्रमाण सांगितले: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, साखर कुठे आहे? दीड वर्षापूर्वी मी उचलून आणलेली दहा किलो साखर तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली. कंपनीच्या गाडीतून आम्ही तिला उपचार केंद्रावर पोहोचवले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला कधी कळले नाही.

परत आल्यावर मी आईला हे सांगत होतो, तेव्हा तिने 1972 चा दुष्काळ काढला. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ ती पंधरा वर्षांची असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. लाल मिलोची, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीची, भाकरी आणि कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ यांवर त्यांनी ते वर्ष काढले. त्या वेळी दाणे नव्हते, पण रेशनचे दुकान उघडत होते, हजेरीपट भरला जात होता, मजुरीच्या रुपयाला रुपयाची किंमत होती. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती. पाऊस गेला होता, व्यवस्था गेली नव्हती. हरारेत पाऊस काही अगदीच गेला नव्हता. दुष्काळ आणि कोसळणे यांतला हा फरक मला पुस्तकातून कळला नसता.

त्या दुष्काळानंतर आई सुगीच्या दिवसांत "घरमा दाना पाहिजे" म्हणत कोठ्या भरत आली. वैशाखाच्या उन्हात गच्चीवर बिबड्या, कुरडया, वड्या वाळायच्या, धान्यात कडुलिंबाचा पाला पडायचा. 2005 मध्ये धुळ्यात घर बांधले तेव्हा जागा अडते म्हणून त्या कोठ्या मीच गावी पाठवून दिल्या होत्या आणि जाते अंगणात पायरीसारखे पडले होते. परत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी कोठ्या आणवल्या आणि जात्याला टाकी लावून, म्हणजे त्याचे दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून, घेतले. आईने काही विचारले नाही.

आता नेमके काय ठेवतो ते सांगतो. आम्ही पाच जण आहोत. पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता धरून माणशी रोज 15 लिटर पाणी लागते, म्हणजे हजार लिटरची टाकी आम्हाला तेरा दिवस पुरेल. आपल्याकडचा पारा 45 अंशांवर जातो हे लक्षात घेता त्यात काटकसर सुचवणारा सल्ला मी कधी ऐकणार नाही. टाकीतले पाणी दर महिन्याला झाडांना आणि धुण्याला वापरून पुन्हा भरतो. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, उघडल्यावर लवकर कमजोर होते, म्हणून ती वर्षानुवर्षे साठवून उपयोग नाही, थोडी आणावी आणि बदलत राहावी. धान्य माणशी रोज 400 ग्रॅम धरले की सहा महिन्यांचे साडेतीन-पावणेचार क्विंटल होते. ते कोठीत पडून राहत नाही: जुने आधी निघते, त्याचीच कळण्याची भाकरी होते आणि नवे मागून भरले जाते. जे आपण एरवी खात नाही ते संकटासाठी आणून ठेवणे मला पटत नाही, ते किडते किंवा तसेच फेकावे लागते. गोळ्यांच्या तारखा पाडव्याला आणि दसऱ्याला पाहतो. बाकी लहान रकमेच्या नोटा, कागदपत्रांच्या प्रती, सौर दिवा, एक चूल, एवढेच.

आणि एक नियम आहे, तो घरात सगळ्यांना माहीत आहे. भरायचे ते सुगीत, बाजारात भरपूर माल असताना. टंचाईची बातमी आली की त्या दिवसापासून आम्ही दुकानातून रोजच्यापेक्षा एक पुडाही जास्त आणत नाही. सुगीतल्या साठवणीने शेतकऱ्याचा माल उठतो. टंचाईतली साठवण अम्बुयांच्या घरातले तेल घेऊन जाते.

मुलगा विचारतो, आपल्याकडे तसे होईल का? मला तसे वाटत नाही, आणि जगबुडीची चित्रे रंगवून भिंती उंच करणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. मी काही आठवड्यांच्या अडचणीची तयारी करतो, कारण तशी अडचण माणसाच्या आयुष्यात येतेच. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या भागातल्या दुकानांपुढे रांगा लागल्या. पहिले वीस दिवस आमच्या घरातले कुणीही त्या रांगेत उभे राहिले नाही. तेवढ्या जागा ज्यांच्या घरात काहीच नव्हते त्यांना मोकळ्या राहिल्या.

मग मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसे चालत येऊ लागली. मे महिन्याचे ऊन होते, डोक्यावर बोचकी, खांद्यावर मुले, आणि घर शेकडो किलोमीटर पुढे. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून भाकऱ्या आणि ठेचा द्यायला सुरुवात केली. आमच्या दुसऱ्या टाकीतले पाणी पिंपांत भरून आम्ही त्यात साखर आणि मीठ मोजून घालत होतो. बायको आणि शेजारच्या वहिनी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापत. एका संध्याकाळी सतना जिल्ह्यात निघालेल्या एका मजुराने दोन पेले पाणी पिऊन विचारले, हे बनवतात कसे? त्याच्याबरोबर लहान मुलगी होती. मी त्याला प्रमाण सांगितले, त्याने ते दोनदा म्हणून पाहिले, आणि आम्ही अर्धा किलो साखर व मिठाची पुडी त्याच्या पिशवीत ठेवली. दोन आठवड्यांत आमचा साखरेचा डबा तळाला गेला. जूनमध्ये, दुकानांपुढच्या रांगा संपून फळ्या भरलेल्या दिसू लागल्यावर, तो आम्ही पुन्हा भरला.