साडेपाच फुटांचं दार

तळेगावला घर बांधायला काढलं. नकाशा पक्का व्हायच्या आधीच मी दार विकत घेऊन मोकळा झालो होतो. पुण्यात पेठेतला एक वाडा पाडत होते. पाडकामाचा ठेकेदार लाकडावरच कमावतो, त्यामुळे खांब, तुळया, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या भराभर टेम्पोत चढत होत्या. कोपऱ्यात गणेशपट्टीची, म्हणजे वरच्या पट्टीवर गणपती कोरलेली, सागवानी चौकट दोन्ही फळ्यांसकट टेकवलेली. 40 हजार सांगितले, 32 ला सौदा झाला. आनंदात मोजायचं राहिलं.

घरी टेप लावली तर आतली उंची साडेपाच फुटांनाही दोन बोटं कमी. माझी 5 फूट 9 इंच. "वाकून यायचं मग," आई म्हणाली. आर्किटेक्टबाईंनी एवढंच विचारलं, "आणि फ्रिज?"

शेवटी ते मागच्या पडवीच्या दाराला बसवायचं ठरलं.

सुतारमामांनी रंध्याला हातच लावला नाही. आधी लोहचुंबक फिरवला. लाकडात मुरलेले तीस-बत्तीस खिळे निघाले, काही चौकोनी, लोहाराने घडवलेले. एक जरी राहिला असता तरी पातं गेलं असतं. मग रंग. पोपटी, त्याखाली निळा, त्याखाली तांबडा. रंगारी म्हणाला, कॉस्टिकच्या पाण्यात सोडू, एका दिवसात साफ. मामा उखडले, "सागवान काळं पडेल!" कोरडा पॉलिशपेपर मी नको म्हटला, त्याची धूळ उडते, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि घरात लहान पोर आहे. रिमूव्हर लावून, मास्क घालून पत्रीने खरवडत बसलो. अकरा दिवस. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, त्यावर फक्त जवसाचं तेल.

उंबरा मात्र वाळवीने आतून पोखरलेला. त्याच वाड्याच्या तुळईचा तुकडा आणून नवा केला. या दाराला बिजागऱ्या नाहीत. फळीच्या वर-खाली ठेवलेल्या खुंट्या चौकटीच्या नि उंबऱ्याच्या खळग्यात फिरतात. म्हणजे उंबरा फरशीच्या आधी बसायला हवा. गवंड्याने फरशी आदल्याच आठवड्यात घातली होती. तीन फरश्या फोडल्या. त्याने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, आणि चूक माझीच होती.

आता आई त्या उंच उंबऱ्याला ठेचकाळते आणि मी वरच्या पट्टीला डोकं आपटतो.

परवा ठेकेदाराचा फोन आला, दगडी बैठकीसकट दोन खांब आलेत म्हणे. भाव नंतर सांगा म्हटलं, आधी उंची सांगा.