बिंटुमानीपेक्षा तीन शून्यं जड

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये बिंटुमानी शिखर चढायला गेलो होतो. वाटेतल्या कबाला गावाच्या स्टँडवर पहाटे ओकाडावाल्याला (ओकाडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल) विचारलं, ‘ओमस?’ (किती?) तो म्हणाला, ‘फिफ्टीन थाउजंड.’ झोपेच्या तंद्रीत मी दोनच शून्यं उडवली आणि 150 लिओन (तिथलं चलन) त्याच्या हातावर ठेवले. गडी चकार शब्द न काढता गाडी वळवून पसार. द्यायचे होते 15. पाच मिनिटांच्या वाटेला साडेपाचशे रुपये!

सिएरा लिओनने 1 जुलै 2022 ला चलनातली तीन शून्यं कापली. जुने 1000 म्हणजे नवा 1. नोटा बदलल्या, बोलणं तेच राहिलं. बाजारात ‘वीस हजार’, ‘मिलियन’ असंच ऐकू येतं; मिलियन म्हणजे नवे 1000. निघण्यापूर्वी मी वाचलेल्या वृत्तांतांत भाव जुने आणि ही गोष्ट एकानेही लिहिलेली नाही. म्हणून भाव ठरवताना नोट हातात धरून दाखवा. तोंडी व्यवहार अजिबात नको.

शून्यं गेली म्हणून पाकीट हलकं झालेलं नाही. सगळ्यात मोठी नोट 20 ची, आणि मी गेलो तेव्हा डॉलरला बावीस-तेवीस लिओन मिळत होते. म्हणजे 100 डॉलर मोडले की शंभरावर नोटा. राजधानी फ्रीटाऊनला रस्त्यावर मोडले, तर गड्डीच्या वर-खाली 20 च्या आणि पोटात 10 च्या. शिवाय एक जुनी 10,000 ची. ती पाहून क्षणभर हरखलो, खोटं कशाला सांगू. ती बाद झालेली, आणि चालती असती तरी किंमत 10 लिओनच. समोरचा कितीही घाई करो, जागेवरच एकेक नोट मोजा. खरं तर बँकेतच जा.

फ्रीटाऊन-मकेनी-कबाला डांबरी, बिनत्रासाचं. पुढे पायथ्याच्या सिनेकोरो गावापर्यंत ओकाडाच्या मागच्या सीटवर लाल धूळ खायची. ओंडक्यांचा पूल आला की मुकाट उतरून चालत जा. मी एकदा उतरलो नाही, गुडघा अजून दुखतोय. गावात आधी मुखियाची भेट, मग वाटाड्या आणि हमाल. सगळं रोखीत आणि 20 ची मोडसुद्धा मिळत नाही. 5 आणि 10 च्या नोटा कबालातूनच घ्या, परतीच्या ओकाडाचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा.

शिखर 1945 मीटर, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर उंच. सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्याला चढ अवघड नाही, पुरुषभर उंच गवत मात्र जीव नकोसा करतं. जानेवारीत जाऊ नका. हरमॅटनच्या (सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या) धुळीत मला माथ्यावरून फक्त माझे बूट दिसले.

परत कबालाला आलो तर दुसरा ओकाडावाला म्हणाला, ‘टेन थाउजंड.’ आधी 10 ची नोट त्याच्या डोळ्यांसमोर धरली, त्याने मान हलवली, मग बसलो.