घोड्याईचं काय झालं?

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. स्नेहसंमेलनासाठी इतिहासाच्या सरांनी स्वतः लिहिलेलं नाटक बसवायला घेतलं. आपला मुलूख पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा. धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर नाटक. नाटकाचं गावाला नवल नव्हतंच. नवल होतं ते नायकाचं. वसाहतींना स्वातंत्र्य मिळवून देणारा हा सेनापती सरांच्या कल्पनेतला होता. त्याला नावही नव्हतं.

सरांनी तो उभा केला होता दक्षिण अमेरिकेतल्या सिमोन बोलिव्हारवरून. १७८३ साली काराकासला श्रीमंत घरात जन्मलेल्या या माणसानं १८०५ मध्ये रोमच्या टेकडीवर शपथ घेतली, की स्पेनच्या बेड्या तुटेपर्यंत हाताला विसावा देणार नाही. तारीख होती १५ ऑगस्ट! वर्गात कुजबुज झाली. सर एवढंच म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवसाची तारीख आपल्या चिमूरच्या उठावाची. १६ ऑगस्ट, १९४२ची."

मला सेनापती व्हायचं होतं. ती भूमिका खड्या आवाजाच्या एका मुलाला गेली. मला मिळाला ढोरं राखणारा शिपाई. माझे बा गावची ढोरं राखायचे, म्हणून मला दिला असं वाटून मी दोन दिवस तालमीला गेलो नाही. सरांनी घरून बोलावून आणलं आणि समोर बसवून १८१९ सालची चढाई सांगितली. बोलिव्हारच्या फौजेत उष्ण मैदानातले, घोड्यावरून ढोरं राखणारे गुराखी होते, लानेरो. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चालत ते अँडीज पर्वताखाली पोचले आणि अंगावरच्या विरलेल्या कपड्यांनिशी सुमारे चार हजार मीटर उंचीची पिस्बाची वाट चढले. कितीतरी जण गारठून मेले. जे उतरले त्यांच्याच बळावर ७ ऑगस्टला बोयाकाची लढाई जिंकली आणि बोगोटा मोकळं झालं. सरांनी सेनापतीपेक्षा या शिपायाला जास्त वाक्यं दिली होती. ते योग्यच होतं, असं मी आजही म्हणेन.

पण गारठून मरायचं कसं? आमच्या अंगाला ओळख उन्हाची. सरांनी पौषातल्या पहाटे मला धानाच्या बांधीतल्या पाण्यात अनवाणी उभं केलं, स्वतःही शेजारी उभे राहिले. दात वाजायला लागले तशी म्हणाले, "आता वाक्य म्हण."

प्रयोगाला बा आले होते, घोंगडी पांघरून मागं बसले होते. मी मेलो तेव्हा बायका रडल्या. घरी परतताना बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माणसाईचं समजलं. घोड्याईचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते क्षणभर थांबले. "घाटात जवळपास सगळेच गेले. खाली सोचा गावच्या लोकांनी उघड्या शिपायांना कपडे दिले. घोडेही त्या मुलखातल्या लोकांनीच दिले."

संध्याकाळी गोठ्यात बांना तसंच सांगितलं. ते ऐकत होते. मग उठून त्यांनी गाईंच्या पुढ्यात आणखी एक पेंढी सोडली.