रेडिओ का फोडला, ते एकदाच सांगतो

ऑर्केस्ट्राच्या स्टेजमागे, लग्नाच्या मांडवात, वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे घेताना, प्रश्न तोच. "दोन-तीन हजारांत ट्रेमोलोचं पेडल मिळतं. मग आजोबांचा रेडिओ फोडून ते लोखंडी धूड कशाला केलंस?" आणि शेजारी उभा असलेला हमखास पुस्ती जोडतो, "शेवटी आवाज काय, तर वाँव वाँव." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट उत्तर देतो. हसून विषय बदलायचा मला कंटाळा आलाय.

पेडलबद्दल माझी काही तक्रार नाही, एक माझ्याकडेही आहे. गिटारचा आवाज सेकंदाला चार-सहा वेळा लहान-मोठा करायचा, एवढंच ट्रेमोलोचं काम, आणि ते लुकलुकणारा एक एलईडी दिवा आणि उजेडाप्रमाणे रोध बदलणारा एक एलडीआर मिळूनही करतात. डोळे बांधून दोन्ही ऐकवलंत तर दरवेळी माझं खोकं ओळखेन, अशी पैज मी लावणार नाही. पूर्वी लावायचो, आणि तावातावाने लावायचो.

तरी व्हॉल्व्हच, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्याच का? कारण त्या रेडिओत ईएफ८९ नंबरचा व्हॉल्व्ह होता.

रेडिओ पाच व्हॉल्व्हचा: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि रेक्टिफायर ईझेड८०. त्या काळातल्या असंख्य सेटांत हीच जोडणी सापडते. शॉर्टवेव्हचं स्टेशन वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतं, म्हणून त्याचा आवाज फुगतो आणि विरतो. रेडिओ सिलोन ऐकलेल्यांना हे सांगायला नको. ही लाट सपाट करण्याचं काम मुख्यतः ईएफ८९ करतो. सिग्नल वाढला की त्याच्या ग्रिडवरचं, म्हणजे आतल्या तारेच्या जाळीवरचं, ऋण व्होल्टेज वाढतं आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, खाली येतं. सिग्नल पडला की गेन पुन्हा वर. ग्रिडच्या बारीक तारेचे वेढे मुद्दाम कुठे दाट, कुठे विरळ घेतलेले असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह एकदम मुका होत नाही, हळूहळू उतरत जातो. ट्रेमोलोला नेमकं हेच उतरणं लागतं. मी त्या ग्रिडला स्टेशनच्या चढउताराऐवजी ऑसिलेटरची, म्हणजे स्वतःहून लाट काढत राहणाऱ्या सर्किटची, लाट दिली. आवाज स्थिर ठेवणाऱ्यालाच आवाज हलवायला बसवलं. हे डोक्यात आल्यावर पेडलच्या किमतीचा विचार कोण करतो?

ऑसिलेटरही त्याच रेडिओतला. ईबीसी८१ मधला ट्रायोड, म्हणजे एकाच ग्रिडचा साधा व्हॉल्व्ह, घेतला, त्याच्या प्लेटकडून ग्रिडकडे परतताना कॅपॅसिटर-रेझिस्टरच्या तीन जोड्या लावल्या. प्रत्येक जोडी लाटेला सरासरी ६० अंश वळवते, तिन्ही मिळून १८०, उरलेले १८० व्हॉल्व्ह स्वतः उलटवतो, आणि चक्र फिरायला लागतं. अट एकच, व्हॉल्व्हचं गेन २९ पेक्षा जास्त हवं. या ट्रायोडचा गुणक ७०, तेव्हा तो प्रश्न नव्हता. १ मेगाओम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले की वेग साधारण साडेसहा हर्ट्झ येतो.

वजनाचं कारण सांगतो, कारण धूड म्हणणारे तुम्हीच. अ‍ॅम्पमधला ट्रेमोलो अ‍ॅम्पच्याच सप्लायवर जगतो. स्वतंत्र खोक्याला स्वतःचे २५० व्होल्ट लागतात, म्हणजे रेडिओचा मेन्स ट्रान्सफॉर्मरही आत आला. तरीही हे वेड माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १९४० च्या दशकात डीआर्मंडचं ट्रेमोलोचं खोकं निघालं होतं. त्यात मोटर द्रवाची कुपी हलवायची आणि हिंदकळणारा द्रव सिग्नल थोडा थोडा जमिनीला पाजायचा. त्या मानाने मी शहाणाच.

खरा त्रास दिला धडधडीने. ऑसिलेटरची लाट गिटारबरोबर स्पीकरपर्यंत पोचायची आणि स्पीकरचा कागद डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर व्हायचा. समोरासमोर दोन ईएफ८९ लावले तर ती लाट आपोआप कटते, पण माझ्याकडे एकच. मग पुढे ०.००४७ मायक्रोफॅरडचे लहान कॅपॅसिटर लागोपाठ दोन ठिकाणी टाकले. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, ती जरा अंग चोरून का होईना, जाते. पाच-सहा हर्ट्झची लाट दारातच अडते. थोडा खर्ज गेला. गेला तर गेला.

आता रेडिओचं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, पेडल हा बहाणा.

आत्या गणपतीला डोंबिवलीहून आली, कुडाळला उतरून रिक्षाने. मी वळईत, म्हणजे ओसरीवर, स्टुलावर चढून गणपतीवरच्या माटवीच्या चौकटीला कवंडळाची फळं बांधत होतो. रेडिओ माजघरात त्याच्या जागेवर होता, म्हणजे पुढून होता. कॅबिनेट, जाळीचं कापड, स्टेशनांच्या नावांची काच, बटणं, सगळं मी तसंच ठेवलं होतं. तिने पाय धुतले, चहा घेतला, आणि जाऊन डावीकडचं बटण फिरवलं. खट्ट आवाज झाला. वायर भिंतीतल्या सॉकेटला लावलेली होती, ती कोणी काढलीच नव्हती. तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "तापाक येळ लागता तेका." आणि काचेमागचा दिवा लागायची वाट बघत उभी राहिली. आई स्वयंपाकघरात गेली. आप्पा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. स्टुलावरून मला तिची पाठ दिसत होती आणि हातातला सुंभ सुटत नव्हता.

सांगावं लागलं. तिने रेडिओ फिरवून मागून पाहिला. आत चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, नव्हती, दोन लोंबत्या तारा आणि कोळ्याचं जाळं.

"फोडलंस?"

मग मी सुरू झालो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळलाय, कागदी कॅपॅसिटर गळतायत, स्पीकरला कसर लागलीय, आणि यावर आता लागतं तरी काय. सगळं खरं होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"वाजत नाय होतो ता माका म्हायती आसा," ती म्हणाली. "माका ईचारलंस?"

आप्पांना विचारलं होतं, असं मी सांगितलं.

"आप्पाक ईचारलंस. माका?"

आमचं घर सामायिक आहे. सातबारावर आत्याचंही नाव आहे, आणि परसातला फणस कुणाचा यावरून आमच्याकडे माणसं वर्षभर बोलेनाशी झालेली आहेत. रेडिओ कुठल्या सातबारावर नसतो. मी हे तिला बोलूनही दाखवलं. ते बोलायला नको होतं असं आई अजून म्हणते. मला मात्र मुद्दा बिनतोड वाटतो.

मग मी खोकं आणलं. अ‍ॅम्प लावला, व्हॉल्व्ह तापू दिले, वेग कमी केला आणि साध्या दोन कॉर्ड धरल्या. आवाज जवळ येत होता, लांब जात होता. मला वाटलं होतं, आता तिला कळेल. ती ओल्या हाताने उभी राहून ऐकत होती. "बरो वाजता," म्हणाली, आणि नारळ किसायला गेली. निघताना तिने ती काच तेवढी मागितली. मी चार स्क्रू काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आता कॅबिनेट समोरून भोकाचं दिसतं, आणि म्हणूनच येणारा प्रत्येक जण विचारतो.

रेडिओ मेला होता, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. मेला नव्हता. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळाला असता, कॅपॅसिटर तर बदलून झालेच असते, तेच मी खोक्यासाठी बदलले. मग त्यावर ऐकलं काय असतं? एफएम तो पकडत नाही. फडताळात बसला असता, पुसायला. तेव्हाचा मी यावर म्हणतो, वस्तू वापरात असावी. आत्ताचा मी म्हणतो, निदान दिवा तरी लागला असता. तेव्हाचा म्हणतो, दिव्यासाठी ईएफ८९ सडवायचा? यांचं काही जमत नाही, आणि मी कुणाचीच बाजू घेत नाही. खोकं मात्र मी दर कार्यक्रमाला नेतो.

कोकणातल्या हवेत व्हॉल्व्ह टिकतात का, हाही तुमचा प्रश्न असतो. व्हॉल्व्ह काचेत बंद असतात, त्यांना पावसाचं काय. त्रास होतो बाकीच्यांना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर खारी हवा. ओलसर टॅगबोर्डवरून, म्हणजे सुटे भाग डाखलेल्या पट्टीवरून, २५० व्होल्ट हळूच पाझरून ऑसिलेटरच्या ग्रिडवर येतात, तिथे मेगाओमचे रेझिस्टर असल्यामुळे एवढासा पाझरही पुरतो, आणि लाट थांबते. जुलैत माझा ट्रेमोलो असाच गप्प झाला. बोर्ड स्पिरिटने धुतला, ग्रिडचे सांधे चिनी मातीच्या खुंट्यांवर घेतले. आता पावसाळ्यात अर्धा तास आधी चालू करून ठेवतो, स्वतःच्याच उष्णतेने सुकतो.

राहिले ते, "आमच्याकडेही एक जुना रेडिओ पडलाय, त्याचा करून दे" म्हणणारे. व्हॉल्व्हचे नंबर बघा. यू ने सुरू होत असतील, यूसीएच८१, यूएफ८९ असे, तर त्या सेटला घरातल्या विजेपासून वेगळं करणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो आणि चासीवर थेट घरातली वीज येऊ शकते. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या असतात आणि त्या तुमच्या बोटांखाली. त्याला हात लावू नका. ई ने सुरू होत असतील तरी स्विच बंद केल्यावर फिल्टर कॅपॅसिटरमध्ये व्होल्टेज उरतं, ते आधी उतरवावं लागतं. आणि रेडिओ लागतो का, ते घरीच बघा. लागत असेल तर मला दाखवायला आणू नका.